एमजीबीला नवे बंपर बसवायचेत? मग आधी हे वाचा

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं की दहातले निम्मे लोक एमजीबीपाशी येऊन थांबतात, आणि त्यात काही चूक नाही. 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ही गाडी ॲबिंग्डनला बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे हिचा पार्ट मिळत नाही असं सहसा होत नाही. इकडे इंग्लंडात आपली मराठी मंडळीही आता वीकेंडला गॅरेजमध्ये ही गाडी घेऊन बसलेली दिसतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बंपर गंजलेत, नवे मागवले तर घरच्या घरी लावता येतील का? येतील. वेल्डिंग नको, इंजिनला हात नको, महागडी हत्यारं नकोत. फक्त एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीने नाही तर दुसऱ्या कोणी बनवलेला, बंपर आपणहून बसत नाही, बसवून घ्यावा लागतो. जाहिरातीत "डायरेक्ट फिट" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ होल साधारण त्याच जागी आहेत एवढाच घ्यायचा. आणि जी काही कानस मारायची, वॉशर भरायचे, वाकवायचं ते सगळं मागच्या ब्रॅकेटमध्ये करायचं, बंपरला शक्यतो हात लावायचा नाही. बाकी सगळं ह्या एका गोष्टीच्या अवतीभोवतीच आहे.

आधी गाडी कुठली ते बघा

ऑर्डर देण्याआधी गाडीसमोर उभे राहा. कागदावर काय वर्ष लिहिलंय ते सोडा. 1974 च्या शरद ऋतूपर्यंतच्या गाड्यांना क्रोमचे बारीक, सुंदर बंपर होते आणि त्यानंतरच्यांना ते काळे जाडजूड रबरी दिसणारे, जे खरं तर आतून स्टीलचा सांगाडा आणि वरून पॉलियुरेथेन असे आहेत. हे झालं अमेरिकेमुळे. तिकडे 1973 च्या मॉडेलपासून नियम आला की ताशी 5 मैलांच्या धक्क्यात पुढचे दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत, आणि हेडलाइट किती उंचीवर हवा ह्याचाही नियम होता, मग कंपनीने नवीन डिझाइन करण्याऐवजी सस्पेंशनच सुमारे इंचभर उचललं. चालवायला गाडी बिघडली, पण एमजीबीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिका होता, करणार काय.

मधल्या काळातही गमती आहेत. 1970 च्या अमेरिकन मॉडेलला मागचा बंपर एकसंध नाही, दोन तुकडे आणि मध्ये नंबर प्लेट. 1974 च्या सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांना क्रोम बंपरवरच दोन मोठ्ठे रबरी ओव्हररायडर (बंपरवर उभे बसवतात ते ठोकळे) लावलेले होते, त्यांना इकडचे लोक "सब्रिना" म्हणतात, 1950 च्या दशकातल्या ह्या नावाच्या ब्रिटिश नटीवरून, आणि का म्हणतात ते फोटो बघितलात की कळेल, इथे लिहीत नाही. हे सांगायचं कारण असं की अमेरिकेतल्या कोरड्या राज्यांतून परत आणलेल्या भरपूर एमजीबी आज ब्रिटनमध्ये फिरतायत, त्यामुळे तुमच्या गाडीवर काय आहे ते गाडीवरच बघायचं. ओव्हररायडर आहेत का, त्यांना रबराची पट्टी आहे का, मागचा बंपर एकसंध आहे की तुटक, नंबर प्लेटचे दिवे कुठे आहेत, ह्या सगळ्याचे फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवा. चांगला विक्रेता फोटो बघून सांगतो.

रबर बंपरवाली गाडी असेल आणि तिला क्रोम लावायचं मनात असेल तर थांबा, तो वेगळाच प्रकार आहे. रबरवाल्या गाडीचे इंडिकेटर बंपरमध्ये असतात, क्रोमवालीचे हेडलाइटखाली मडगार्डमध्ये, म्हणजे मडगार्ड कापा नाहीतर बदला. बंपरखालचा पत्रा, म्हणजे व्हॅलन्स, वेगळा, चासीची पुढची टोकं वेगळी, मागचे मडगार्ड खालून वेगळे, आणि वर गाडी इंचभर उंच ती खाली आणा. म्हणजे वेल्डिंग आलं, पेंट आला. लोक करतात, छान दिसतंही, पण पहिल्याच गाडीवर पहिल्यांदा पाना हातात धरणाऱ्याने ह्यात पडू नये. ह्या लेखातलं सगळं क्रोम बंपर काढून त्याच जागी नवीन लावण्याबद्दल आहे.

काय घ्यायचं

रस्ते तीन. तुमचाच मूळ बंपर पुन्हा मुलामा करून घ्यायचा, किंवा नवीन क्रोम मुलाम्याचा स्टील बंपर, किंवा स्टेनलेसचा.

मूळ बंपर वाकलेला नसेल, वरवरच गंजलेला असेल, तर री-क्रोमचा विचार जरूर करा, कारण तो तुमच्या गाडीवर बसतो हे आधीच सिद्ध झालेलं आहे. चांगल्या कामात आधी जुना मुलामा उतरवतात, पत्रा घासून गुळगुळीत करतात, मग तांबं, मग निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमचा अगदी पातळ थर. चमक पाहणाऱ्याला क्रोमची वाटते पण मेहनत खालच्या घासाईत आणि निकेलमध्ये असते. गंजाचे खड्डे खोल असले तर मात्र घासता घासता पत्रा पातळ होतो आणि खर्च नव्या बंपरच्या पुढे जातो.

नवीन क्रोम बंपर स्वस्तही मिळतात आणि महागही, आणि फरक पुढून दिसत नाही. उलटा करून मागची बाजू बघायची. मागे मुलामा नीट नसेल, कडा खरखरीत असतील, होलच्या आत उघडं स्टील दिसत असेल तर तिथूनच गंज सुरू होणार, आणि इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हटल्यावर फार वाट बघावी लागत नाही.

स्टेनलेस म्हणजे बहुतेक वेळा 304 ग्रेड, पॉलिश केलेला. मुलामाच नाही त्यामुळे सोलवटायचा प्रश्न नाही, चरा पडला तर पुन्हा घासून पॉलिश होतो. पावसात गाडी काढणारे असाल तर माझं मत स्टेनलेसला. तोटा सांगायचा तर रंग. क्रोममध्ये निळसर झाक असते, स्टेनलेस जरा उबदार, किंचित पिवळट. एकटा बघितला तर कळत नाही, पण स्टेनलेस बंपरवर जुने क्रोमचे ओव्हररायडर लावले की उन्हात लगेच डोळ्यात येतं. तेव्हा बंपर आणि ओव्हररायडर एकाच धातूचे, शक्यतो एकाच ठिकाणचे घ्या. पुढचा मागचा दोन्हीही एकदमच घ्या, एक आत्ता आणि एक पुढच्या वर्षी असं नको. आणि लोहचुंबक घेऊन खात्री करत बसणाऱ्यांसाठी: 304 ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण जिथे पत्रा दाबून वळवलाय त्या वळणांवर थोडासा ओढला जाऊ शकतो, तेवढ्यावरून फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.

पार्सल आलं की लगेच उघडा, गॅरेजच्या कोपऱ्यात उन्हाळ्याची वाट बघत ठेवू नका, परत करायची मुदत निघून जाते. जुना बंपर अजून गाडीवर असला तरी नवीन त्याच्यासमोर धरून बघता येतो. ट्यूबलाइटखाली आडवा धरा आणि पट्टीचं प्रतिबिंब बघा, सरळ रेघ सरळ दिसली पाहिजे, लाटा दिसल्या तर पत्रा नीट काढलेला नाही. दोन्ही टोकांचं वळण सारखं आहे का बघा. होलमधली अंतरं टेपने मोजा. काही गडबड असेल तर बोल्ट लावायच्या आधी परत करायचा, एकदा लावलेला बंपर कोणी परत घेत नाही. जुने बंपर आणि त्यांचा एकूण एक नटबोल्ट नवीन काम पूर्ण होईपर्यंत टाकायचा नाही. भंगारवाला कुठे पळून जात नाही.

हत्यारं, आणि इंचांची भानगड

ही गाडी इंचातली आहे. बोल्ट बहुतेक यूएनएफ (इंचातल्या बारीक) आट्यांचे, पाने एएफ मापाचे, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर इंचात. 5/16 च्या बोल्टला 1/2 चा पाना, 3/8 ला 9/16 चा, 7/16 ला 5/8 किंवा 11/16. घरात मेट्रिक सेट आहे म्हणून 13 चा पाना 1/2 च्या नटावर चढवाल, तो चढेलही, पण त्यात तीन दशांश मिलिमीटरचा सैलपणा राहतो आणि पन्नास वर्षं गंजलेल्या नटाला तेवढं निमित्त पुरतं, कोपरे गोल होतात, मग बसा. स्वस्तातला का होईना एएफ सेट घ्या, सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको.

आणखी एक, एम8 चा बोल्ट आणि 5/16 चा बोल्ट हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. आटे मात्र पार वेगळे. दोन आटे आरामात फिरतो, मग अडकतो, आणि मग आपण जोर लावतो. असं करायचं नाही. नवीन बंपरबरोबर नटबोल्ट आले असतील तर ते कुठल्या मापाचे आहेत ते आधी बघा, कारण काही विक्रेते मेट्रिक देतात. दोन्ही बाजू मेट्रिक असल्या तर चालतं, पण चासीत जिथे जुने आटे आहेत तिथे जुन्याच मापाचा बोल्ट लागणार.

बाकी सामान किरकोळ: चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल, वायर ब्रश, गोल कानस, मास्किंग टेप, मापाची टेप, जुनी गोधडी किंवा ब्लँकेट, वेगवेगळ्या जाडीच्या वॉशरची पिशवी (भरपूर घ्या, लागतातच), गंज रोखणारा प्रायमर, काळा रंग, पोकळ्यांत मारायचं वॅक्स. आणि एक माणूस. बंपर काही फार जड नसतो पण लांब असतो, एकट्याने एक टोक धरलं की दुसरं टोक मडगार्डच्या रंगावर जातंच.

काढायचं काम

काढायच्या काही दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा, आदल्या रात्री एकदा मारून उपयोग नाही. डिकीतलं कार्पेट उचला, गाडीखाली वाकून बघा, पुढे ग्रिलच्या मागे टॉर्च मारा, कुठे कुठे बोल्ट आहेत ते नीट शोधून ठेवा. गाडी उचलायची असेल तर जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, ॲक्सल स्टँड लावायचे, सपाट पक्क्या जमिनीवर, चाकांना अडसर.

बॅटरी सोडा. इथे एक खाच आहे. क्रोम काळातल्या एमजीबीमध्ये सीटच्या मागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि 1967 पर्यंतच्या गाड्यांची अर्थ प्लसला आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. त्यामुळे सवयीने "मायनस काढला" म्हणून निर्धास्त होऊ नका, बॉडीला जाणारी केबल कुठली ते बघून ती काढा. मधल्या कोणा मालकाने बदलूनही ठेवलं असेल, म्हणून वर्षावर न जाता केबलवर जा. मागच्या बंपरला हात लावायच्या आधी नंबर प्लेटच्या दिव्यांच्या वायरी सोडवा, कुठली कुठे ते टेपवर लिहून चिकटवा, फोटो काढा. ह्या वायरी इतक्या जुन्या असतात की बंपर जरा ओढला तरी तुटतात.

आणि मागच्या बाजूला आग नको, अजिबात नको. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच आहे, मागच्या बंपरच्या ब्रॅकेटपासून हाताच्या अंतरावर. नट निघत नाही म्हणून ब्लो टॉर्च, ग्राइंडरच्या ठिणग्या, हे सगळं मागे वर्ज्य. हातकरवतीचं पातं घ्या नाहीतर नट स्प्लिटर घ्या, वेळ लागू दे.

मडगार्डच्या कोपऱ्यांवर, बंपर जिथे जवळून जातो तिथे, मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. मग आधी टोकांचे आधार, नंतर मधले बोल्ट. सगळ्यात शेवटचे दोन बोल्ट सोडवताना दुसऱ्या माणसाने बंपर धरलेला असला पाहिजे. पुढून घुमटासारख्या डोक्याचे बोल्ट असतील तर मागून नट फिरवला की पुढून बोल्टही गरागरा फिरायला लागतो, कारण त्याला धरून ठेवणारा चौकोन गंजून गेलेला असतो. जुना बंपर ठेवायचा नसेल तर सरळ नट कापा, उगाच बोल्टशी मारामारी करत वेळ घालवू नका. ठेवायचा असेल तर मागून नट आणि ब्रॅकेटच्या मध्ये पातं घालून कापा, पुढची बाजू वाचते.

बंपरच्या मागे काय सापडतं

बंपर निघाला की बहुतेकांना लगेच नवीन लावायची घाई होते, पण खरा वेळ इथे द्यायचा. पन्नास वर्षांत इथे कोणी हात घातलेला नसतो. चासीची टोकं, व्हॅलन्सचे जोड, ब्रॅकेट जिथे टेकतात त्या जागा, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टण्ण वाजलं तर ठीक. मऊ लागलं, पापुद्रे निघाले, तर बंपरचं काम तिथेच थांबवा आणि आधी पत्र्याचं करून घ्या. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आपण चासी म्हणतो ते बॉडीतच वेल्ड केलेले पोकळ बार आहेत, त्यामुळे इथला गंज नुसता दिसण्यापुरता नसतो.

ब्रॅकेट धुवा, घासा, आणि डावा-उजवा जमिनीवर शेजारी ठेवून ताडून बघा. ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, तंतोतंत एकसारखे नसतात, हे लक्षात ठेवा. एखाद्याचं वळण जास्त उघडलेलं दिसलं तर गाडीने कधीतरी कुठेतरी धडक घेतलीय आणि जुना बंपरही त्या वाकड्या ब्रॅकेटवर बसवलेला होता. नवीन सरळ बंपर ह्यावर बसणार नाही आणि तुम्ही विक्रेत्याला शिव्या घालत बसाल. वाकडा ब्रॅकेट बदला, नवे मिळतात आणि बंपरच्या मानाने स्वस्त असतात. सरळ असतील ते घासून, प्रायमर आणि काळा रंग मारून, पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, ओल्या रंगावर आवळलेला बोल्ट नंतर सैल पडतो.

कच्चा टाका

शिंपी कपडा आधी कच्चा टाका घालून अंगाला लावून बघतो तसंच हे काम आहे, पहिल्या फेरीत एकही बोल्ट पक्का आवळायचा नाही. ब्रॅकेट चासीला लावा, नट बोटांनी फिरतील इतपतच. मग स्टेनलेसवरची निळी किंवा पांढरी प्लास्टिक फिल्म, ती ब्रॅकेट आणि ओव्हररायडर टेकतात तेवढ्या जागी आधी काढून घ्या, बाकीची राहू दे, चरे वाचतात. ही फिल्म खाली दाबली गेली की कायम तिथून डोकावत राहते, आणि उन्हात फार दिवस राहिली की डिंकासारखी चिकटून बसते.

आता दोघांनी बंपर उचला, मधले दोन बोल्ट घाला, सैल. लांब जाऊन गुडघ्यावर बसून बघा. मध्य कुठे धरायचा? बंपरच्या मधोमध टेपचा तुकडा लावून खूण करा आणि ती ग्रिलवरच्या एमजीच्या बिल्ल्याशी जुळवा. उंची मात्र जमिनीपासून मोजू नका. जुन्या एमजीबीच्या मागच्या सस्पेंशनला स्प्रिंगचे पाटे असतात आणि बरेचदा ते एका बाजूला जास्त बसलेले असतात, गाडीच मुळात कलंडलेली उभी असते, मग जमिनीशी समांतर लावलेला बंपर बॉडीवर तिरका दिसतो. हेडलाइटची कड, ग्रिलची खालची कड, मागे डिकीच्या झाकणाची फट, ह्यांच्याशी समांतर बघा. मडगार्ड आणि बंपर ह्यांच्यातली फट डावीकडे-उजवीकडे तीन ठिकाणी मोजा आणि टेपवरच लिहून ठेवा. दोन्ही बाजू अगदी सारख्या येणं अवघड आहे, गाडीच्या दोन बाजूच मिलिमीटरला सारख्या नसतात, त्यातून पन्नास वर्षांत कितींदा मडगार्ड बदलले असतील देव जाणे. डोळ्याला बरोबर वाटलं की बरोबर.

नाही बसला तर काय, इथे खरी मजा आहे.

एक टोक मडगार्डच्या फार जवळ येत असेल तर चासी आणि ब्रॅकेटच्या मध्ये एकाच बोल्टवर वॉशर घाला. ब्रॅकेट किंचित तिरका होतो आणि लांबीमुळे तिकडचं टोक त्याच्या कितीतरी पट सरकतं, म्हणून एकदम जाड वॉशर घालू नका, पातळापासून सुरुवात करा. पूर्ण बंपरच पुढे हवा असेल तर दोन्ही बोल्टवर सारखे.

होल जुळत नसतील तर कानस ब्रॅकेटच्या होलवर चालवा, गोल होल लांबट करा आणि वर जाड वॉशर टाका. ब्रॅकेट मागे लपलेला असतो, त्यावर रंगाचा हात मारला की झालं. क्रोमच्या बंपरला कानस लावलीत की मुलाम्याची कड तुटते आणि तिथून गंज आत शिरतो. स्टेनलेसला अगदीच होल पाडायची वेळ आली तर कोबाल्टचं बिट, ड्रिल हळू, दाब भरपूर, कटिंग ऑइल सतत. जोरात फिरवून हलका दाब दिला तर स्टेनलेस गरम होऊन आणखी कडक होतो, मग बिट नुसतं वर चकाकतं, आत जात नाही.

टोकांचं वळण कमी-जास्त असेल तर बंपर खाली काढून, गोधडीवर ठेवून, लाकडाच्या ठोकळ्यांवर दाबून हळूहळू वळवता येतो, स्टेनलेस थोडा परत उसळतो त्यामुळे जरा जास्त दाबावं लागतं. हातोडी नाही, रबरी पण नाही. क्रोमवाल्याला हे करूच नका, मुलाम्याला केसासारख्या भेगा पडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकाशी फट राहिली असेल तर तो टोकाचा बोल्ट आवळून बंपर आत ओढून घ्यायचा नाही. मोह फार होतो, कारण दोन फेऱ्यांत फट गायब होते. पण मग बंपर कायम ताणात राहतो, स्टेनलेसला होलभोवती खळगा पडतो, क्रोम तडकतो, आणि गाडी खड्ड्यातून गेली की कुरकुर सुरू. फट आहे तेवढे वॉशर भरा, बोल्टने फक्त धरून ठेवायचं, ओढायचं नाही.

ओव्हररायडर, प्लेट, आणि पक्कं आवळणं

बंपर जागेवर दिसायला लागला की ओव्हररायडर. ते आणि बंपर ह्यांच्यामध्ये पायपिंगची बारीक पट्टी येते, जुनी कडक झालेली असते, नवीनच घ्या. कापताना थोडी लांब ठेवा, ओव्हररायडर अर्धवट आवळून पट्टी बोटाने सारखी बसवा, मग आवळा, आणि उरलेली ब्लेडने कापा, ब्लेड बंपरच्या पृष्ठभागावर न टेकवता. पुढच्या बाजूला नंबर प्लेटचा ब्रॅकेट विसरलात तर पुन्हा सगळं सोडवायला लागतं, म्हणून तो आत्ताच. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1980 च्या आधी बनलेल्या आणि हिस्टॉरिक म्हणून नोंदलेल्या गाडीला काळ्यावर चंदेरी अक्षरांची जुनी प्लेट चालते, एवढं केलंच आहात तर तीही लावून टाका, क्रोमच्या शेजारी काय दिसते.

पक्कं आवळताना चासीकडून बाहेर जायचं: आधी ब्रॅकेटचे चासीतले बोल्ट, मग ओव्हररायडरचे, टोकांचे शेवटी. प्रत्येक टप्प्यावर टेपवर लिहिलेल्या फटी पुन्हा मोजा, कारण आवळताना बंपर हमखास सरकतो.

बोल्ट कुठले वापरायचे ह्यावर लोक फार गाफील असतात. चमकतात म्हणून सगळीकडे स्टेनलेसचे घालू नका. चासीत जिथे ताकद लागते तिथे झिंक मुलाम्याचे 8.8 ह्या ताकदीच्या ग्रेडचे किंवा त्या तोडीचे स्टीलचे बोल्ट चांगले, नेहमीचे स्टेनलेस बोल्ट त्यांच्यापेक्षा कमी ताकदीचे असतात. दर्शनी भागात स्टेनलेस वापरलात तर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, कारण स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा फिरवला तर मध्येच जाम होतो, वेल्ड केल्यासारखा, मग ना पुढे ना मागे. पॉवर ड्रायव्हरने तर मुळीच नको, हाताने हळू.

स्टेनलेस बंपर आणि साधं लोखंडी ब्रॅकेट एकमेकांना टेकले आणि त्यात मिठाचं पाणी शिरलं की लोखंड जास्त वेगाने गंजतं. म्हणून मध्ये नायलॉन किंवा रबराचे वॉशर, आणि जोडावर वॅक्स. पण इथे दुसरी मेख आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत काही दिव्यांची अर्थ वायरने न येता ब्रॅकेटच्या धातूतूनच येते. तुम्ही सगळं छान रंगवलंत, रबरी वॉशर घातलेत, आणि नंबर प्लेटचा दिवा लागेना. बल्ब बदलून बघाल, फ्यूज बघाल. दिव्यापासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर टाका, प्रश्न मिटला.

मागे सायलेन्सरची नळी बंपरखालून जाते, ती बंपरला किंवा ब्रॅकेटला टेकत नाही ना बघा, नुसती उभ्या गाडीत नाही, इंजिन चालू करून बघा, कारण नळी रबरावर लटकलेली असते आणि हलते.

लावून झाल्यावर

उरलेली फिल्म काढा. बंपरच्या आतल्या बाजूला आणि ब्रॅकेटवर वॅक्सचा फवारा मारा, दिसत नाही पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. चमकवायला स्टेनलेसला बारीक मेटल पॉलिश चालतं, क्रोमला मात्र घासणारं काही नको, वरचा थर फारच पातळ असतो, साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि वॅक्स एवढंच.

कागदोपत्री फार काही नाही. ब्रिटनमध्ये 40 वर्षांपेक्षा जुन्या गाडीत मोठे बदल केले नसतील तर दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, लागत नाही, आणि त्या "मोठ्या बदलात" बंपर मोडत नाही, ते चासी, इंजिन, ॲक्सल वगैरेंबद्दल आहे. एमओटी नसली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी तुमचीच, म्हणजे बंपरची धारदार कड बाहेर आलेली नको, मागची नंबर प्लेट रात्री उजळलेली हवी. विमा कंपनीला मात्र कळवा. मूळसारखाच बंपर असेल तर बहुधा काही म्हणणार नाहीत, ओव्हररायडर काढून टाकले किंवा क्रोमच्या जागी फायबरचे लावले तर तो बदल धरतात.

पहिले शंभरेक मैल झाले की पाने घेऊन पुन्हा खाली वाका आणि सगळे नट एकदा तपासा, नवा रंग आणि नवी पायपिंग दबते त्यामुळे काही हमखास सैल झालेले असतात. कुठून खडखड येत असेल तर दुसऱ्या माणसाला बंपर हाताने हलवायला सांगा आणि तुम्ही खालून एकेक जोडावर बोट ठेवत जा, जिथे बोटाला टकटक लागेल तिथला वॉशर बदलायचा. हिवाळा संपला की एप्रिलमध्ये आतली बाजू नळाच्या पाण्याने मीठ जाईपर्यंत धुवा आणि वॅक्सचा नवा हात द्या.